नदीकाठी चोरीला गेलेल्या वहाणा

श्रीमंत पेशव्यांच्या दफ्तरात मी कारकून होतो, तेव्हाची ही हकीकत. मावळातल्या दोन किल्ल्यांचं काम माझ्याकडे होतं. पावसाळा सरला आणि वाटा वाळल्या, की पुण्याहून पायी निघायचं आणि एकेका गडावर जाऊन अंबारखान्यात धान्य किती उरलं, त्यातलं किती किडलं, हे पाहून यायचं. आठ-दहा दिवस जात. बाकीचे कारकून हे काम टाळत. मला ते बारा वर्षं चिकटलं, कारण मला चालायला आवडायचं आणि मी कुरकुर करत नसे.

चालण्याचं सामान ठरलेलं होतं. एक काळी घोंगडी, खांद्यावर टाकायची पडशी, पाण्यासाठी वाळक्या भोपळ्याचा तुंबा, एक वेळूची काठी आणि वहाणा. वर्षातून आठ-दहा दिवसच लागणाऱ्या या वस्तू एरवी माजघराच्या खुंटीवर टांगलेल्या असत. त्यांच्याविषयी मी कधी विचार केला नव्हता.

त्या वर्षी निघण्याच्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखा मुठेवर अंघोळीला गेलो. तिथून परस्पर दफ्तरात जाऊन आज्ञापत्र घ्यायचं आणि लकडी पुलावरून पलीकडे निघायचं, असा बेत होता. म्हणून सगळं सामान बरोबरच होतं. ते घाटाच्या वरच्या पायरीवर ठेवलं, पाण्यात उतरलो, चार बुड्या मारल्या आणि वर आलो. पायरीवर माझं धोतर, अंगरखा आणि पागोटं होतं. बाकी काही नव्हतं.

शेजारच्या पायरीवर एक वृद्ध गृहस्थ संध्या करत होते. मी विचारलं, "इथलं सामान कुणी उचललेलं आपण पाहिलंत का?"

"माझे डोळे मिटलेले होते," ते म्हणाले. "उघडे असते, तरी तुमच्या वहाणांकडे बघत बसलो नसतो."

मी कपडे चढवून कोतवालाच्या चावडीवर गेलो. तिथल्या कारकुनाने बोरू शाईत बुडवला.

"काय काय गेलं?"

"घोंगडी."

"कोणत्या रंगाची?"

"काळी."

त्याने बोरू खाली ठेवला. "म्हणजे पुण्यात काळी घोंगडी नसलेला माणूस शोधायचा आणि बाकीच्यांना धरायचं."

तरी त्याने यादी उतरवून घेतली. काठीच्या मुठीला पितळेची पट्टी आहे, एवढीच एक खूण मला सांगता आली. इतकी वर्षं वापरलेल्या वस्तू, आणि त्या ओळखायच्या कशा हे मला ठाऊक नव्हतं.

दफ्तरातल्या थोरल्या कारकुनांना सांगितलं, आजचं जाणं दोन दिवस पुढे ढकलता आलं तर बरं. त्यांनी मान वर केली नाही. "घोंगडी चोराने नेली. पाय ठेवलेत ना?" एवढं म्हणून त्यांनी आज्ञापत्र पुढे सरकवलं.

दुपारपर्यंत घरी उसनवारी चालली. पत्नीने जुन्या लुगड्याची दुहेरी घडी घालून पडशी शिवली. लुगडं हिरवं होतं आणि काठ लाल. "काठ आतून घे," मी म्हटलं. "मग शिवण बाहेरून येईल, अहो. उसवलं तर मला म्हणू नका," ती म्हणाली. काठ बाहेरच राहिले. तुंब्याऐवजी दोरी बांधलेला तांब्याचा तांब्या मिळाला. मेहुण्याच्या वहाणा आल्या, त्या माझ्या पायाला दोन बोटं मोठ्या होत्या.

घोंगडी शेजारच्या काकूंनी दिली. त्यांचे यजमान लष्कराबरोबर कारकून म्हणून जात. उत्तरेकडच्या एका स्वारीत ते तापाने गेले. छावणीतून त्यांचं जे सामान परत आलं, त्यात ही घोंगडी होती. काकूंनी ती पेटीतून काढली, अंगणात झटकली आणि माझ्या हातात दिली.

"एवढी जुनी आठवण, काकू. नको," मी म्हणालो.

"आठवणीला पेटीत कसर लागते आहे," त्या म्हणाल्या. "ने. पण कुठे कुठे नेलीस ते आल्यावर मला सांग."

असा मी निघालो. कोथरूड गावाच्या शेतांपर्यंत वहाणांनी त्रास दिला नाही. पुढे पिरंगुटाची चढण लागल्यावर टाच मागे सरकू लागली आणि अंगठ्याची वादी बोटांत रुतू लागली. तांब्या दर पावलाला मांडीवर आपटायचा. चालण्याची लय लागेना. माझ्या वहाणा पायात असत तेव्हा पाय आपोआप पडत आणि मी भोवतालची भातं, ओढे, पाखरं पाहत जात असे. आता मी दिवसभर फक्त पाय पाहिले. चिडचिड झाली, पण चोरावर नाही. एवढ्या किरकोळ गोष्टींवर आपलं चालणं उभं होतं, याचा राग आला.

दुसऱ्या दिवशी पौडाच्या पुढे दोन्ही टाचा फुटल्या. मी वहाणा काढून गळ्यात अडकवल्या आणि अनवाणी चालू लागलो. बांधावरच्या झाडाची एक फांदी तोडून काठी केली. ती वाकडी होती.

पहिल्या गडाच्या दरवाजावर पहारेकऱ्याने मला अडवलं. तो नवा होता. गळ्यात वहाणा, खांद्यावर लुगड्याची पडशी, लंगडत आलेला माणूस सरकारी कारकून आहे, हे त्याला पटेना. मी आज्ञापत्र दाखवलं. त्याला वाचता येत नव्हतं. पत्र वर हवालदाराकडे गेलं, आणि त्याचा निरोप येईपर्यंत मी दरवाजाच्या आतल्या ओट्यावर बसून राहिलो.

शेजारीच पहारेकऱ्याचं खोपट होतं. त्याची आई बाहेर आली, माझ्या पायांकडे पाहून आत गेली आणि कोकमाच्या तेलाचा गोळा घेऊन आली.

"पाय लई फुटल्यात," ती म्हणाली. "चुलीपाशी या. कडत लावाया पायजे."

तिने गोळा पळीत वितळवला आणि तेल भेगांत सोडलं. मी ओरडलो असेन. मुलगा म्हणाला, "आये, सरकारी माणूस हाय म्हनं तो."

"आसंना का," ती म्हणाली. "टाच कुनाची बी आसूंदे, फुटतीच."

मी एरवी या गडावर एक रात्र सदरेवर राहून निघून जात असे. या वेळी चार दिवस राहिलो, कारण उतरता येत नव्हतं. अंबारखाना पाहायला लंगडत जायचो आणि परत येऊन त्या चुलीपाशी बसायचो. म्हातारी नाचणीची भाकरी द्यायची. मला तिच्या हातची घ्यावी की न घ्यावी, हा प्रश्न पहिल्या दिवशी पडला होता. दुसऱ्या दिवशी पडला नाही. पुण्यात मी हे कुणाला बोललो नाही; आज लिहितो आहे, कारण विचारणारे आता कुणी उरले नाहीत.

निघताना पहारेकऱ्याने मला कच्च्या चामड्याच्या वहाणा करून दिल्या. दिसायला ओबडधोबड, पण मापाच्या. दुसरा गड मी त्या घालून पाहिला आणि सहा दिवस उशिरा पुण्यात आलो. थोरल्या कारकुनांनी उशिराचं कारण विचारलं. मी पाय दाखवले. त्यांनी पाहिले आणि म्हणाले, "झाका."

घोंगडी धुऊन, वाळवून काकूंना परत दिली. त्या ओसरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "सांग." मी दोन वाक्यांत सांगितलं. त्या हलल्या नाहीत. "पुलाच्या पलीकडे काय लागतं, तिथून सांग. लग्न होऊन पुण्यात आले ती पर्वतीपलीकडे गेलेले नाही. हे घरी यायचे, झोपायचे आणि पुन्हा जायचे. वाट कशी होती, हे मी कधी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही."

मग मी नीट सांगितलं. शेतं, चढण, कुठे पाणी मिळतं, रात्री थंडी कशी पडते, घोंगडी खाली घालायची की वर घ्यायची. त्यांनी मध्ये एकदाच विचारलं, "वर घेतली तर ऊब पुरते?" मी म्हणालो, "पुरते." त्यांनी घडी उचलली आणि आत गेल्या.

दोन-अडीच महिन्यांनी चावडीवरून बोलावणं आलं. पितळी पट्टीच्या काठीवरून एका माणसाला धरलं होतं. पन्नाशीचा, वाळलेला, पूर्वी पायदळात असलेला. त्याच्यासमोर माझी काठी, अर्धी कापलेली घोंगडी आणि वहाणा मांडल्या होत्या. पडशीचा आणि तुंब्याचा पत्ता नव्हता.

"कोकणात घरी जायचं होतं," तो मला म्हणाला. "पायात काही नव्हतं. घाट उतरून गेलो. घरी कुणी राहिलं नव्हतं, म्हणून परत आलो."

"घोंगडी का कापली?" मी विचारलं.

"वाटेत एक जण कुडकुडत होता."

हे खरं की खोटं, मला कळलं नाही. मला दया आली असंही नाही. चावडीच्या कारकुनाने एकेक वस्तू ओळखायला सांगितलं. काठी माझी आहे, मी म्हणालो. घोंगडीविषयी सांगता येत नाही म्हणालो, आणि ते खरंच होतं. मग त्याने वहाणांकडे बोट केलं. त्या माझ्या होत्या. पण त्या माणसाच्या पायाने त्यांचा आकार पार बदलला होता. माझा पाय त्यांत बसला नसता.

"या माझ्या नव्हेत," मी म्हणालो.

कारकुनाने एकदा माझ्याकडे, एकदा त्या माणसाकडे पाहिलं आणि लिहून घेतलं. तो माणूस जमिनीकडेच पाहत राहिला. पुढे काही दिवसांनी त्याला सोडल्याचं कळलं. तो कोणत्या दिशेला गेला, हे मी विचारलं नाही.

पहारेकऱ्याने दिलेल्या वहाणा तोवर झिजून गेल्या होत्या, म्हणून पुढच्या पावसाळ्याच्या अखेरीस मी मोच्याकडे नव्या वहाणा शिवायला टाकल्या. निघण्याच्या महिनाभर आधीपासून त्या घालून रोज संध्याकाळी पर्वतीपर्यंत जाऊन येत होतो. पहिले आठ दिवस फोड आले, मग थांबले.