सासऱ्यांना ऐकवलेली ल्यूट-गिटार

माझ्या सासऱ्यांचं माझ्याबद्दल वाईट मत होतं, आणि ते बदलण्यासाठी मी ल्यूट-गिटार निवडली.

सासरे रेल्वेत गार्ड होते. लग्न ठरताना त्यांनी विचारलं होतं, "तुमाले नोकरीशिवाय काय येते?" मी म्हणालो, "गिटार." त्यानंतर ते माझ्याशी फक्त हवामानावर बोलत.

रायपूर छत्तीसगडची नवीन राजधानी झालं तशी माझी बदली झाली आणि आम्ही समता कॉलनीत राहायला आलो. तिथंच जर्मनीहून परतलेल्या भाच्यानं हे वाद्य आणून ठेवलं. समोरून गिटार, मागून अर्धा कोहळा! खऱ्या ल्यूटला, म्हणजे युरोपातल्या त्या जुन्या तंतुवाद्याला, तारांच्या जोड्याच जोड्या असतात. यात पोट ल्यूटचं आणि तारा गिटारच्या, सहाच. "मामा, गिटार येणाऱ्याला हे येतंच," असं सांगून भाचा पुण्याला पळाला.

खोटं बोलला! गिटार मी नखांनी वाजवायचो, इथं नखं चालत नाहीत. बोटांच्या गाद्यांनी तार हळूच दाबून सोडायची, करंगळी लाकडावर टेकवून ठेवायची. जोर केला की तार बाटलीतल्या माशीसारखी भणभणते. पण नीट वाजलं की असा मऊ, गोल सूर निघायचा की माझेच डोळे भरून यायचे. एकच अडचण. आवाज फार लहान. (घरात माझा आहे, साधारण तेवढाच.)

मी नखं कापली तेव्हा बायको, सुनंदा, म्हणाली, "आता लसूण कोण सोलन?"

सासऱ्यांचा वाढदिवस आमच्याकडे करायचं ठरलं. मे महिना, भर दुपार, हॉलमध्ये अख्खी सासरवाडी. मी नवा रेशमी कुडता घालून ऐटीत बसलो, वाद्य मांडीवर घेतलं आणि ते सरळ घसरून माझ्या गुडघ्यांवर आलं. वर ओढलं, पुन्हा घसरलं! गोल पाठ, रेशमी मांडी!

"थांबा," म्हणत सुनंदा आत गेली आणि बाथरूममधलं रबरी पायपुसणं घेऊन आली. सगळ्यांसमोर तिनं ते माझ्या मांडीवर अंथरलं. वाद्य बसलं. माझी अब्रू उठली.

मी डोळे मिटून सुरुवात केली. मोठ्या साळ्यानं, दिलीपनं हात वर केला. "भाऊजी, कूलरमुळे काही ऐकू येऊन नाही राहिलं." कूलर बंद झाला. मग पंखा. मग खिडक्या, कारण राजधानीचा नवा रस्ता नेमका आमच्या दाराशी खोदणं चालू होतं. पाहुणे घामानं निथळत होते, आणि मी जीव ओतून अख्खी रचना वाजवली. शेवटचा सूर विरेपर्यंत बोट हलू दिलं नाही.

मी डोळे उघडले.

"लागल्या काय तारा?" सासऱ्यांनी विचारलं. "मंग करा ना सुरू!"

माझी मुलगी कुजबुजली, "पापा, ये ट्यूनिंग था ना?"

मला रडू यायचं बाकी होतं. मी म्हणालो, "हव, आता सुरू करतो," आणि तीच रचना पहिल्यापासून धरली. या वेळी जोर लावला, तर सगळ्या तारा भणभणल्या. सुनंदाच्या मावशींनी पदरानं माशी हाकलली!

दिलीपला माझी दया आली. त्यानं सासऱ्यांच्या कानातल्या मशीनचा आवाज पूर्ण वाढवला आणि म्हणाला, "बाबा, कान जवळ न्या." सासऱ्यांनी खुर्ची ओढली आणि कान थेट वाद्याच्या पोटाला लावला. कान दाबला जाताच मशीननं शिट्टी घातली. सुंईंईं! लांब, बारीक, भिंतीपार जाणारी.

घामेजलेल्या मंडळींना इतक्या वेळात ऐकू आलेला हा पहिला सूर! टाळ्यांचा कडकडाट झाला. "वाह, जीजाजी! क्या सुर लगाया!" धाकटा साळा ओरडला. मावशी तर उठून उभ्या राहिल्या, बहुधा खिडकी उघडायला.

त्या मशीनची शिट्टी एकट्या सासऱ्यांना ऐकू येत नसे. ते सरळ झाले, इकडं तिकडं पाहू लागले. "टाळ्या काहून वाजवून राहिले?"

"अहो बाबा, यांनी वाजवलं ना!" सुनंदा त्यांच्या कानात ओरडली.

"असं?" सासरे माझ्याकडे बघत म्हणाले. "कवा?"

मी पायपुसणं उचलून आत गेलो. पण सासरवाडीत आता माझं नाव झालं आहे. रायपूरचे जावई बासरी फार सुंदर वाजवतात, म्हणे!