कापुलिनाचे बुजवलेले दिवे

ओनेसिमो माएस्तासच्या गाडीच्या मडगार्डवरून हात फिरवला नाही असा पुरुष आमच्या चिमायोच्या खोऱ्यात शोधून सापडायचा नाही. रविवारी मिस्सा आटोपली की सगळ्या गाड्या एस्पान्योलाच्या मोठ्या रस्त्याला लागायच्या. गोगलगायीच्या चालीने, पोट जमिनीला टेकवत. मग शेवटी बाजाराच्या पटांगणात सगळे थांबायचे आणि पुरुष मंडळी डोळे मिटून एकमेकांच्या गाड्यांवरून तळवे फिरवायची. डोळ्यांना रंग फसवतो, तळव्याला फसवता येत नाही, असा त्यांचा हिशोब.

ओनेसिमोची गाडी म्हणजे अडुसष्ट सालची इंपाला. रंग रानचेरीच्या मुरंब्याचा, काळपट लाल, म्हणून नाव कापुलिना. त्याच साली सरकारने नियम केला होता की नव्या गाडीच्या चारही मडगार्डांवर बाजूचे दिवे हवेत, पुढे नारिंगी-पिवळे आणि मागे लाल, म्हणजे तिन्हीसांजेला आडवी येणारी गाडी लांबून दिसते. नियम शहाणपणाचा होता, पण ओनेसिमोला तो मुळीच पटला नाही. एवढ्या लांबलचक, गुळगुळीत अंगावर हे चार चामखीळ कशाला? त्याने चौऱ्याहत्तर साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, चारही दिवे उपटले, भोकांना पत्र्याचे तुकडे जोडले आणि त्यावर शिसं ओतलं. पुट्टी नव्हे, शिसं. लाकडी थापी मेणात बुडवायची, पातळ झालेलं शिसं थापीने चापून बसवायचं, मग कानशीने हळूहळू उतरवत न्यायचं. त्याला डेंटरचं काम शिकवणारा काका म्हणायचा, "पुट्टी आळशांसाठी असते रे." आठ दिवस तो त्या चार जागांपाशी उकिडवा बसून होता. मग रंग चढवला, आणि दिवे कुठे होते ते त्याचं त्यालाही सांगता येईना.

तेव्हा त्याने पटांगणात पैज लावायला सुरुवात केली. "बोट ठेवून दाखवा दिवा कुठे होता. जो दाखवेल त्याला माझ्याकडून जेवण." महिनोन्महिने कुणाला जमलं नाही. मोठमोठे डेंटर येऊन तळवे घासून गेले. ओनेसिमो आधीच जरा चढेल, त्यात हे. त्याचे पाय जमिनीला लागेनात.

एका रविवारी एक मुलगी पुढे आली. सडपातळ, उन्हाने रापलेली, बोटात आजीची जाड चांदीची अंगठी. ती हात फिरवत बसली नाही. तिने बोट वाकवून अंगठी पत्र्यावर वाजवायला सुरुवात केली. टण्, टण्, टण्, पुढच्या उजव्या मडगार्डवरून सरकत गेली आणि एका ठिकाणी आवाज बसला. ठप्प.

"इथे," ती म्हणाली.

पटांगणात शिट्ट्या वाजल्या. ती एदुविहेन, जत्रांतून संतांच्या तसबिरींसाठी पत्र्याच्या नक्षीदार चौकटी विकणाऱ्या कारागिराची मुलगी. पत्रा कुठे एकसंध आहे आणि कुठे डागलाय हे तिला पाळण्यापासून ऐकू येत होतं.

"जेवण काय हवं?" ओनेसिमोने पडलेल्या तोंडाने विचारलं.

"जेवण राहू दे. आधी सांग, दिवे का बुजवलेस?"

"चांगले दिसत नव्हते."

"आता तू दिसत नाहीस," ती म्हणाली. "कुठल्याही गल्लीतून हमरस्त्यावर निघशील ना संध्याकाळी, तर येणारा ट्रकवाला तुला बघणारसुद्धा नाही. दिव्यांबरोबर अक्कलपण बुजवलीस की काय?"

पुढच्या ऑगस्टात त्यांचं लग्न झालं. तिच्या बापाने वेदीवरच्या मेणबत्त्यांसाठी पत्र्याची फुलं केली होती. ती अजून त्यांच्या घरात भिंतीवर आहेत.

लग्नानंतर एदुविहेनने दोन सवयी लावून घेतल्या आणि त्या मरेपर्यंत सोडल्या नाहीत. पहिली म्हणजे गाडीत चढण्याआधी ती उजव्या मडगार्डपाशी थांबायची आणि अंगठीने नेमक्या त्या जागी वाजवायची. ठप्प. "इथे," म्हणायची, आणि मग दार उघडून बसायची. ओनेसिमो करवादायचा. "अगं रंग जातो! टवके उडतात!" ती म्हणायची, "मग दिवा लाव, वाजवायची थांबते." तो म्हणायचा, "यंदा ईस्टरचे उपास संपले की लावतो." उपास दरवर्षी संपायचे आणि दरवर्षी वसंतात ओनेसिमो बारीक कुंचला घेऊन ते टवके भरत बसायचा, तोंडाने पुटपुटत. पण खरं सांगायचं तर त्याला ते काम आवडायचं. तिला ते ठाऊक होतं, म्हणूनच ती वाजवत राहिली.

दुसरी सवय टॉर्चची. त्यांची गल्ली पाटाच्या कडेने येते आणि हमरस्त्याला अशा ठिकाणी मिळते की डावीकडून येणाऱ्याला वळण संपेपर्यंत काही दिसत नाही. रस्त्यावर चढून डावीकडे वळायचं म्हणजे आख्खी गाडी क्षणभर आडवी. मग तिन्हीसांजेला गल्लीच्या तोंडाशी एदुविहेन मिठाईचा नारिंगी कागद बांधलेला टॉर्च काढायची. हात ओनेसिमोच्या नाकासमोरून पलीकडे काढायचा आणि त्याच्या डावीकडच्या खिडकीबाहेर टॉर्च हलवायचा. मग म्हणायची, "चल, दिसतोय आपण." त्याखेरीज ओनेसिमो ब्रेकवरचा पाय काढत नसे. खोऱ्यात पोरंसोरंसुद्धा सांगायची, तो नारिंगी उजेड हलतोय ना, म्हणजे कापुलिना निघाली. पाद्रीबाबा एकदा प्रवचनात म्हणाले की नवरा-बायकोने एकमेकांचा दिवा व्हावं, तर सगळं चर्च मागे वळून ह्या दोघांकडे बघायला लागलं. ओनेसिमो कानापर्यंत लाल झाला होता.

मग गेल्या नोव्हेंबरात एदुविहेन गेली. काळजाचं दुखणं होतं, तीन दिवसांत आटोपलं. अंगठी नात लेआंद्राकडे आली. टॉर्च कापुलिनाच्या खणात तसाच राहिला.

ओनेसिमो वर्षभर गाडी फार काढत नव्हता. वसंत आला आणि गेला, पण त्याने टवके भरले नाहीत. उजव्या मडगार्डवर चारपाच बारीक ठिपके उघडे राहिले, तिच्या शेवटच्या वर्षाचे. तो रोज सकाळी कॉफीचा पेला घेऊन शेडमध्ये जायचा आणि त्यांच्याकडे बघत उभा राहायचा.

ऑक्टोबराच्या अखेरीस एका संध्याकाळी तो गल्लीतून हमरस्त्यावर निघाला आणि वळणावरून गॅसचा ट्रक आला. ट्रकवाल्याने जीव खाऊन ब्रेक मारला, ट्रक सरकत पाटाच्या कडेला गेला. कुणाला लागलं नाही. ट्रकवाला खाली उतरला आणि म्हणाला, "आजोबा, देवाशप्पथ सांगतो, तुम्ही दिसलाच नाहीत."

लेआंद्रा खोऱ्याच्या ॲम्ब्युलन्सवर कामाला आहे. आडव्या गाडीला ट्रक लागला की आत काय उरतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याच रात्री तिने कापुलिनाची किल्ली काढून आपल्या गळ्यातल्या साखळीत अडकवली.

"दिवे लावा ग्राम्पो, आणि किल्ली घ्या."

आजोबाला आमच्याकडे ग्राम्पोच म्हणतात, आणि बोलतात अदबीने. पण लेआंद्राची अदब म्हणजे लोखंडी.

"अगं पण वर्षाची मिस्सा आली तुझ्या आजीची. शनिवारी, साडेपाचला. अंधारून येतं त्या वेळेला."

"माझ्या ट्रकमधून चला."

"तिच्या मिस्सेला मी दुसऱ्याच्या गाडीतून जाऊ? पाहुणा आहे का मी?"

"मग दिवे लावा. चारही तुमच्याच शेडमध्ये पडलेत, कॉफीच्या डब्यात. तुम्ही कधी काही फेकलंय का?"

ओनेसिमोने पळवाटा शोधल्या. आधी चमकणाऱ्या पट्ट्या आणून चिकटवल्या. लेआंद्रा बघून म्हणाली, "ही काय शाळेची सायकल आहे?" मग त्याने टॉर्चच खिडकीला चिकटपट्टीने बांधला. ते बघून तिने किल्ली झग्याच्या आत सारली आणि निघून गेली. बुधवारी तो झक मारत कामाला लागला.

मागचे दोन आणि पुढचा डावा, हे तिन्ही त्याने एका दिवसात उरकले. कानाने जागा सापडायची सोय नव्हती. पन्नास वर्षं हातोडीजवळ राहून त्याचे कान कधीच गेले होते. त्याने मडगार्डच्या आतून आरसा लावून जोड शोधला, माप घेतलं, बाहेर खूण केली. ड्रिलने रांगेत बारीक भोकं पाडली, कानशीने सलग केली. शिशाच्या चकचकीत साली जमिनीवर पडत होत्या. आठ दिवस बसून केलेलं काम तासाभरात उखडत होतं, पण त्याचं त्याला फारसं काही वाटलं नाही. डावा दिवा आधी लागेना. तारा तपासल्या, बल्ब बदलला. मग लक्षात आलं, अर्थिंगसाठी रंग खरवडलाच नव्हता! जन्मभर रंग जपणाऱ्याला ते सुचायचं कसं? त्याने स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि खरवडला.

उरला पुढचा उजवा. तिथे माप घ्यायची गरज नव्हती. एदुविहेनच्या अंगठीचे ठिपके बरोब्बर जुन्या भोकाच्या मधोमध होते. पंचेचाळीस वर्षांत तिचा नेम बोटभरसुद्धा हलला नव्हता.

गुरुवारी तो ड्रिल हातात घेऊन ठिपक्यांसमोर बसला आणि दुपारी तसाच उठला. शुक्रवारी त्याने खडूने चार बोटं मागे खूण केली. ठिपके वाचतील, दिवाही लागेल, झालं. मग दहा पावलं मागे जाऊन बघितलं. गाडी तिरळी दिसत होती. त्याच्यातल्या डेंटरला ते बघवेना. खूण पुसली, परत केली, परत पुसली. लेआंद्रा ड्यूटी संपवून आली तेव्हा तो उपड्या बादलीवर बसला होता आणि मडगार्डवर खडूचा नुसता चिखल झाला होता.

"उद्या मिस्सा आहे ग्राम्पो. तीन लागलेत, चौथ्याचं काय?"

"मी ट्रकमधून येतो तुझ्या," ओनेसिमो म्हणाला. "हरलो मी. मला नाही जमत."

"का?"

त्याने बोटाने दाखवलं. लेआंद्रा वाकली, तिने ठिपके पाहिले आणि समजली. तिने एका ठिपक्यावर बोट टेकवलं. शेवटी एदुविहेन तिची आजी होती.

"हेवढंच राहिलंय गं तिच्या हातचं," तो म्हणाला. "कपडे तुझ्या आईने वाटले. अंगठी तुझ्याकडे. हे माझं आहे. त्यावर मीच ड्रिल चालवू?"

लेआंद्राने बोट वाकवलं आणि आजीची अंगठी त्या जागी वाजवली. ठप्प. ओनेसिमोला आवाज ऐकू आला नाही, पण बादलीवर बसल्या जागी त्याचे खांदे हलले.

"आजी हे वाजवून काय म्हणायची?"

"इथे."

"इथे काय?"

तो खडूने माखलेला हात फडक्याला पुसू लागला.

"'इथे दिवा लाव' म्हणायची, ग्राम्पो. पंचेचाळीस वर्षं एकच गोष्ट मागत होती ती तुमच्याकडे. हे ठिपके जपून ठेव म्हणत नव्हती. आणि तुम्ही दरवर्षी रंग लावून तिचं मागणं बुजवत होतात."

हे लागलं. ओनेसिमोचा चेहरा असा झाला की लेआंद्राला वाटलं आपण जास्तच बोललो. तिने तोंड उघडलं, पण म्हाताऱ्याने हात वर केला आणि तिला थांबवलं.

"आत जा आणि पोसोले गरम कर," तो म्हणाला. "कांदा जास्त घाल."

चौथ्या दिव्याचं भोक त्याने ड्रिलने केलं नाही. हाताच्या करवतीने, पातळ पात्याने, कडेकडेने कापलं. आख्खा तुकडा एका चकतीत निघाला, बोटभर लांब. बाहेरून कापुलिनाचा लाल रंग आणि त्यावर पाच ठिपके, रंगाखाली त्याचं स्वतःचं शिसं, बावीस वर्षांच्या पोराने चापून बसवलेलं. त्याने कडा कानशीने घासून बोथट केल्या, फडक्याने पुसला आणि सदऱ्याच्या खिशात ठेवला. मग रबर बसवलं, दिवा बसवला, आणि ह्या वेळी रंग आठवणीने खरवडला. स्वयंपाकघरातून लेआंद्राने खिडकीबाहेर बघितलं तेव्हा शेडच्या उघड्या दारातून पिवळा उजेड अंगणातल्या मिरच्यांच्या माळांवर पडला होता. तिने साखळीतून किल्ली काढून टेबलावर त्याच्या ताटलीशेजारी ठेवली.

शनिवारी पाच वाजता ओनेसिमोने काळा कोट घातला. लेआंद्रा तिच्या ट्रकमधून आधीच पुढे गेली होती, चर्चमध्ये बिस्कोचितो बिस्किटांची ताटं मांडायची होती. ओनेसिमोने शेजारच्या सीटवरचं फडकं झटकलं. खणातून टॉर्च काढून त्या सीटवर ठेवला आणि गाडी पाटाच्या कडेने हळूहळू गल्लीच्या तोंडापर्यंत आणली. तिथे तो थांबला.

अंधारून आलं होतं. रस्ता मोकळा होता, तरी ब्रेकवरचा पाय निघेना. तो कशाची वाट बघतोय हे त्याला स्वतःलाच उशिरा कळलं. कळलं तेव्हा डोळे भरून आले, आणि त्याने ते पुसले नाहीत, कारण बघायला कुणी नव्हतं.

त्याने गाडीचं नाक थोडं रस्त्यावर काढलं. वळणावरून एक पिकअप आली, आणि लांबूनच हळू झाली. मग त्याच्यासमोर येऊन उभीच राहिली. शेजारचा बेलार्मिनो होता. त्याने काच खाली केली.

"अरे ओनेसिमो, तू होय!" तो ओरडला, कारण ओनेसिमोशी सगळे ओरडूनच बोलतात. "वळणावरून पिवळा उजेड दिसला, तर मला वाटलं, कोमाद्रे एदुविहेनच टॉर्च घेऊन बसलीये. काटाच आला अंगावर. निघ तू आधी, मी थांबतो!"

ओनेसिमोने हात हलवला. मग तोच हात खिशावर ठेवला, कोटाच्या आत, तिथे तो तुकडा होता.

"चल," तो शेजारच्या सीटला म्हणाला, "दिसतोय आपण." आणि ब्रेकवरचा पाय काढला.