शकुबाईनं कापशीचं पोट बांधलं

मळवलीच्या आसपास शकुबाईनं किती बाळंतिणींची पोटं बांधली, त्याची गणती तिलाही नव्हती. तेल चोळायचं, शेक द्यायचा आणि जुन्या लुगड्याची पट्टी करकचून आवळायची. बाळंतीण "आई गं" म्हणाली की ही डाफरायची, "गप ऱ्हा! उद्या कंबर धरली की माझीच आठवण काढशील." असली बाई. आणि आता तिला शिकवत कोण होतं? तर सून!

सगळी भानगड कापशीची. कापशी म्हणजे नातीनं पाळलेली सशीण. वर्षात दोनदा व्याली, घर पिल्लांनी भरलं, म्हणून सून अनितानं लोणावळ्याच्या दवाखान्यात तिची पिशवी काढायचं ठरवलं. आदल्या संध्याकाळी शकुबाईनं रीतसर कापशीपुढचं गवत उचललं. ऑपरेशनला उपाशीपोटी जायचं, हे शेंबडं पोरही सांगेल! अनितानं ते परत ठेवलं.

"आत्या, सशाला उपाशी ठेवायचं न्हाई. त्येचं पोट थांबलं की ससा जातो, डॉक्टर म्हणले."

"माझे केस काय उन्हानं पांढरे झाले व्हय गं?" शकुबाई फणकारली.

ऑपरेशन नीट झालं. कापशी घरी आली ती नियमांचं गाठोडं घेऊनच. तेल नको, आंघोळ नको, टाक्यांना हात नको. फक्त औषध द्या, ती खाते का आणि लेंड्या टाकते का तेवढं बघा. "मग मी करू काय? टाळ कुटू?" शकुबाईचा जीव नुसता चरफडत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कापशीनं थोडं गवत आणि कोथिंबीर खाल्ली. ते बघून अनिता बंगल्यावर कामाला गेली. घरात शकुबाई एकटी. पिशवी काढलेलं पोट असं उघडं? वारा शिरला म्हणजे? तिनं मऊ पट्टी फाडली आणि बांधली. मनाला जरा बरं वाटलं.

दुपारपर्यंत कापशी कोपऱ्यात गोळा होऊन दात करकर वाजवायला लागली. गवताला तोंड लावेना. एक लेंडी नाही. "खा की गं भवाने!" शकुबाईनं गाजर पुढं केलं, कोथिंबीर केली, शेवटी डॉक्टरच्या सात पिढ्या काढल्या. पट्टीकडे तिचं लक्षच गेलं नाही.

चार वाजता अनिता आली. पट्टी बघितली आणि आधी ती सोडली. डॉक्टरला फोन लावला. मग त्यांनी दिलेली पावडर पाण्यात कालवून बिनसुईच्या सिरिंजनं थेंब थेंब पाजत बसली. संध्याकाळपर्यंत लेंडी पडली नाही तर उचलून आणा, असं डॉक्टरनं बजावलं होतं. शकुबाई दारात उभी राहून नुसती धुसफुसत होती. नजर मात्र कापशीवरून हलत नव्हती.

दिवेलागणीला तीन बारक्या लेंड्या पडल्या. कापशीनं गवताची एक काडी ओढली.

"म्हंजी पट्टीच नडली म्हण," शकुबाई तणतणली. "मी तर समद्यांना बांधते तशीच बांधली."

अनितानं मान वर केली नाही. "मलाबी तशीच बांधली व्हती, आत्या. तीन दिस घास उतरत नव्हता."

"मंग बोलली का न्हाईस? तुला तर तोंड व्हतं!"

"बोलले व्हते," अनिता म्हणाली. "तुमी म्हणला, गप ऱ्हा."