फळे व फळे

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षं झाली होती. डोंबिवलीच्या एका शाळेत मी चौथीला शिकवत होते. नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालेलं आणि शिक्षकांच्या खोलीत मी सलग तीन वाक्यं कधी बोलले नव्हते. ठाण्याला जिल्ह्यातल्या शिक्षकांची परिषद भरणार होती. तिला जायला मोठ्या सरांनी, म्हणजे आमच्या हेडमास्तरांनी, माझंच नाव घातलं. "चार माणसांत वावराल, भीड चेपेल," म्हणाले.

परिषदेचं परिपत्रक मंगळवारी आलं. सायक्लोस्टाइल केलेलं, अक्षरं फुटलेली. शेवटची ओळ अशी होती : 'प्रत्येक शाळेने आपल्या शाळेतील उत्तम फळे प्रदर्शनासाठी पाठवावेत.'

"म्हणजे पेरू न्यावे लागणार," शिवणाच्या बाई म्हणाल्या. शाळेमागे पेरूचं एक झाड होतं आणि त्याला पेरूही लागले होते. मी मनातल्या मनात पिशवीसुद्धा शोधून ठेवली.

मोठे सर मूळचे पुण्याचे. व्याकरणापुढे ते कोणाचंच ऐकत नसत. त्यांनी चष्मा पुसला, परिपत्रक खिडकीपाशी नेलं आणि परत आले.

"पेरू नव्हेत. 'पाठवावेत' लिहिलंय, 'पाठवावीत' नाही. फळ नपुंसकलिंगी. खायची फळं असती तर 'पाठवावीत' आलं असतं. 'पाठवावेत' म्हणजे पुल्लिंगी. तेव्हा फळा."

"फळा सर? भिंतीवरचा?" मी विचारलं.

"आणखी कुठला असतो? शिक्षण परिषद आहे ती बाई, भाजीबाजार नव्हे."

शाळेतला उत्तम फळा माझ्याच वर्गात होता. सागवानी, पाच फूट बाय चार, असा गुळगुळीत की खडू नुसता टेकवला तरी अक्षर सुबक यायचं. शुक्रवारी सुतार आला आणि त्याने तो उतरवला. मागे भिंतीवर पांढऱ्याशुभ्र चुन्याचा चौकोन निघाला. बाकी भिंत किती मळली होती ते त्या दिवशी समजलं. मुलं त्या चौकोनाकडेच बघत बसली. मी शिकवत होते, पण ऐकत कोणी नव्हतं.

सोबतीला कवायतीचे मास्तर दिले होते. लढाईत ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेले, पिळदार मिशा, बोलणं कमी. शनिवारी सकाळी गाडीवानाला घेऊन त्यांनी फळा शाळेतून बाहेर काढला तो तोफ काढावी तसा. "डावीकडून उचल! सावकाश! थांब!" बैलगाडीत घालून आम्ही स्टेशनावर आलो.

सामान नोंदणारा बाबू फळ्याकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्याने एक जाड पुस्तक उघडलं.

"सायकल आहे. हार्मोनियम आहे. पिंजऱ्यातले पक्षी आहेत. फळा नाही."

"फर्निचर म्हणून घ्या," मास्तर म्हणाले.

"फर्निचर म्हटलं की गोणपाटात शिवून आणावं लागेल. आणि आज शिवून आणलंत तर सोमवारी जाईल."

"परिषद आज दुपारी आहे. सरकारी काम आहे," मी म्हटलं आणि परिपत्रक पुढे केलं.

बाबूने ते नीट वाचलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग फळ्याकडे. "अहो बाई, यात फळं न्यायला सांगितलीयत. फळांना काही अडचण नाही. करंडीत भरून आणा, आत्ताच्या गाडीने पाठवतो. कुठायत फळं?"

गेले चार दिवस जी शंका मी गिळत होते ती एका परक्या माणसाने अशी सहज बोलून दाखवली. मास्तरांना बाजूला घेऊन मी म्हटलं, "मास्तर, मला वाटतं फळंच असावीत. आपण हा परत ठेवू आणि पेरू नेऊ."

मास्तरांनी मिशीवरून बोट फिरवलं. "बाई, हुकूम फळ्याचा आहे. फळा पोचणार."

रेल्वे नेत नाही म्हटल्यावर त्यांनी गाडी खाडीकडे वळवायला सांगितली. त्या वेळी खाडीतून ठाण्याला होड्या जायच्या. रेती, विटा, गवत असा माल असायचा. गवताने भरलेली एक होडी ओहोटीबरोबर सुटायच्या बेतात होती. मास्तर होडीवाल्याशी काहीतरी बोलले आणि फळा गवताच्या पेंढ्यांवर आडवा पडला. जागा दुसरी नव्हती म्हणून मी त्याच्यावर बसले. मास्तर काठाशी उभे राहिले, ते ठाणं येईपर्यंत बसलेच नाहीत.

होडीवाला खाडीकाठच्या गावातलाच, पिकल्या केसांचा. मुंब्र्याचे डोंगर दिसायला लागल्यावर त्याने विचारलं, "बाय, ह्यो फला कुठं नेतंस?"

"ठाण्याला. परिषदेला."

"परिषद कुठं हाय?"

"शाळेत."

तो थोडा वेळ वल्हवत राहिला. "मंग त्या शालंत फला नाय?"

मी मास्तरांकडे बघितलं. मास्तर पाण्याकडे बघत होते.

ठाण्याच्या बंदरात पोचलो तेव्हा पाणी पार ओसरलं होतं. होडी आणि धक्का यांच्यामध्ये आठ-दहा पावलांचा चिखल. करडा, लोण्यासारखा मऊ, गुडघाभर तरी खोल. होडीवाल्याने आम्हाला न विचारता फळा उचलला आणि चिखलावर आडवा टाकला. "चल बाय, उतर."

"अहो, तो प्रदर्शनाचा आहे!"

"मंग प्रदर्शनाला कशी जाशील?"

चपला हातात घेतल्या, निऱ्या वर खोचल्या आणि मी उतरले. पहिलंच पाऊल चुकून कडेच्या चिखलात गेलं. ते उपसून फळ्यावर ठेवलं आणि मग तशीच चालत गेले. फळा आमच्या वजनाने हलकेच खाली जायचा आणि चिखल कडांवरून वर यायचा. पलीकडे पोचून मागे वळून पाहिलं तर काळ्या फळ्यावर माझी करडी पावलं ओळीने उमटलेली. पुसायला गेले तर आणखी फासलं जाईल म्हणून मास्तर म्हणाले, "वाळू दे. वाळलं की झटकू." वाळल्यावर चिखल फळ्याला असा धरून बसला की नख लावलं तरी निघेना.

टांग्यामागे फळा उभा बांधून आम्ही परिषदेच्या जागी आलो. लाजेने मला मान वर करवत नव्हती. पण आत शिरले आणि बघतच राहिले. डाव्या भिंतीला फळे टेकवून ठेवलेले होते. लाकडी, पत्र्याचे, एक तर चाकांच्या घोडीसकट आलेला. उजव्या भिंतीशी टेबलांवर पपया, पेरू, चिकू, केळीचा एक अख्खा घड. जिल्ह्यात व्याकरण जाणणारे हेडमास्तर आमचे एकटेच नव्हते.

परिषदेचे कार्यवाह किरकोळ अंगाचे गृहस्थ होते. दारात उभे राहून रुमालाने मान पुसत होते. पाहुणे यायची वेळ झाली होती. चूक कबूल करावी तर परिपत्रकावर सही त्यांची. त्यांनी ब्रश मागवला आणि 'फळे प्रदर्शन' अशा कागदी पाटीवर पुढे जागा करून दोन शब्द घातले. आता पाटी झाली : 'फळे व फळे प्रदर्शन'. त्यांनी ती लांबून पाहिली आणि त्यांचं त्यांनाच समाधान वाटलं.

परीक्षक म्हणून शेतकी खात्यातून निवृत्त झालेले एक म्हातारे साहेब बोलावले होते. त्यांच्या हातात छापील तक्ता होता. आकार, रंग, गोडी, कीड. प्रत्येकाला पंचवीस गुण. साहेब भले गृहस्थ. त्यांना फळे तपासायला बोलावलं होतं आणि समोर जे फळे म्हणून मांडलं होतं ते ते तपासू लागले. पपईला बोट लावलं, पेरूचा तुकडा चाखला, मग डावीकडे येऊन पहिल्या फळ्यावर कलिंगडावर मारावी तशी टिचकी मारली, कान लावला आणि गुण मांडले. चाकांच्या फळ्याच्या पायाला वाळवी निघाली. कीड या रकान्यात त्याला शून्य पडलं आणि त्याच्या शाळेचे शिक्षक हिरमुसले.

आमच्या फळ्यापुढे ते थांबले. "ही पावलं कसली?"

मास्तर खाडकन सावधान झाले. "भूगोलाचा पाठ, साहेब! बाई सांगतील."

चार-पाचशे माणसं असतील त्या सभागृहात. मला तरी तेवढी वाटली. सांगण्यासारखं माझ्याजवळ एकच होतं, सकाळी जे घडलं ते. म्हणून मी भरती-ओहोटी सांगितली. चिखल कुठून येतो, पाणी कधी येतं, कधी जातं, होडी कुठे अडते. मग खाडीकाठच्या वाड्यांतली मुलं आठवली. आमच्या वर्गात ती उशिरा येतात, पाय असेच भरलेले असतात आणि आम्ही त्यांना दारातच उभं करतो. हेही मी सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं, तोंडातून गेलं.

साहेबांनी तक्ता खाली केला. "रोज येतात? अशा चिखलातून?"

"हो."

"आणि तुम्ही उभं करता?"

"हो."

साहेबांनी तक्ता पुन्हा वर घेतला. गोडीच्या रकान्यात बराच वेळ पेन्सिल टेकवून उभे राहिले आणि मग आकडा घातला. संध्याकाळी आमच्या फळ्याला दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं खडवलीच्या एका पपईला.

त्या पपईचे गुरुजी माझ्या शेजारीच बसले होते. सदरा धुऊन धुऊन विरलेला. मी विचारलं, "परिपत्रकात खायचीच फळं, हे तुम्हाला बरोबर कसं कळलं?"

"आमच्याकडे फळा नाहीच, बाई," ते म्हणाले. "त्यामुळे दुसरा अर्थ सुचलाच नाही. मी जमिनीवर काडीने लिहितो."

मी उठून मास्तरांकडे गेले. म्हटलं, "फळा खडवलीला द्यायचा."

"तसा हुकूम नाही, बाई."

"मी देते हुकूम."

असं वाक्य माझ्या तोंडून आयुष्यात पहिल्यांदा गेलं. मास्तरांनी फळ्याची एक कड उचलली. ठाण्याच्या स्टेशनात सामानाच्या बाबूने मान वर न करता विचारलं, "कुठे?" गुरुजी म्हणाले, "खडवली." त्याने पावती फाडली. ना गोणपाट, ना पुस्तक.

सोमवारी मी मोठ्या सरांना सगळं सांगितलं. व्याकरणाचं राहू दिलं. ते खूप वेळ माझ्या वर्गातल्या त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता नोकरी गेली.

"खाडीकडच्या मुलांना दारात उभं करतो म्हणून तिथे सांगितलंत?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"बरं." ते जायला निघाले, दारात थांबले. "शिपायाला सांगा, विहिरीपाशी एक बादली आणि तांब्या ठेवायला. पाय धुऊन आत येऊ देत."

नवा फळा यायला तीन महिने लागले. तोपर्यंत चौथीचा भूगोल मी तोंडीच घेतला, मुलांना घेऊन शाळेमागच्या मोकळ्या जागेत.