आत्याचा फिरकीचा तांब्या

आमच्या दुधनीच्या आत्याला घरात आल्या आल्या पाणी विचारायची सोय नव्हती. उलट तीच आम्हाला पाणी पाजायची. पॅसेंजरनं सोलापूर स्टेशनावर उतरून टांग्यानं घरी आली, की ती पायरीवरच बसकण मारायची, पिशवीतून फिरकीचा पितळी तांब्या काढायची, झाकण गरागरा फिरवून उघडायची आणि त्याच झाकणात पाणी ओतून जो समोर येईल त्याच्यापुढं धरायची. "नीर कुडी! पाणी दुधनीचं हाय. तुमच्या नळाच्या पाण्यानं नुसती तोंडं धुवा." कानडीत सुरू झालेलं तिचं बोलणं मराठीत कधी शिरायचं, ते तिचं तिलाही कळत नसे. पाणी खरंच गोड होतं का, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येणार नाही. पण आत्या इतक्या कौतुकानं आमच्या तोंडाकडं बघत असायची, की गोड म्हणण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

तांब्या मूळचा आजोबांचा. शेंगांच्या व्यापारासाठी ते बाजारोबाजार हिंडत, तेव्हा तो त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत असे. आडवा पडला तरी थेंब सांडायचा नाही, असे त्याचे आटे घट्ट. बुडावर टिंबाटिंबांनी आजोबांचं नाव कोरलेलं होतं. आत्या सासरी निघाली तेव्हा तिकडचं पाणी कसं असेल या काळजीनं आजोबांनी तो भरून तिच्या हातात दिला. पुढं आत्याला दुधनीच्या विहिरीचंच वेड लागलं आणि माहेरचं पाणी घेऊन गेलेला तांब्या सासरचं पाणी घेऊन माहेरी येऊ लागला. आजोबांच्या मागं त्यांची म्हणावी अशी हीच एक वस्तू उरली होती. वैरागचे थोरले काका, माझे वडील, आम्ही सगळी पोरं, सगळ्यांचाच डोळा त्या तांब्यावर होता.

कुणी तांब्याचं कौतुक केलं, की आत्या लगेच म्हणायची, "तुलाच देते की!" मला ती हे माजघरात, कानाशी येऊन म्हणाली होती, त्यामुळं माझी खात्रीच होती. चांगल्या वस्तूचं काय होणार, असा घोर आपल्याला लागतो. तिला तो कधी लागला नाही. ती स्वतः त्या झाकणातून चहा प्यायची. कपबशीतला अर्धा चहा कपबशीच पिते, असं तिचं म्हणणं होतं. झाकण तिच्या हाताला इतकं सरावलेलं होतं, की तांब्या घरी ठेवला तरी झाकण पिशवीत असायचंच.

एका दिवाळीत आत्यानं तांब्या आमच्याकडं कल्हईला ठेवला. "आमच्या हितला कल्हईवाला नवसागर वाचवतो," ही तिची कायमची तक्रार. झाकण मात्र चहासाठी बरोबर नेलं. "संक्रांतीला येते, तवर करून ठेव गं सुमन," असं आईला सांगून ती गेली.

तो काळ स्टीलच्या वेडाचा. आमच्या गल्लीत घराघरातून पितळेची घंगाळं, पातेली, पराती मोडीत निघत होत्या आणि त्यांच्या बदल्यात चकचकीत डबे येत होते. चिंच लावून घासायला नको, कल्हई नको. शेजारच्या काकूंच्या फळीवर उतरत्या डब्यांची रांग लागल्यापासून आईचं आमच्या स्वयंपाकघरात मन लागेना. शेवटी वडिलांनी हो म्हटलं. आईनं अडगळीतलं पितळ काढून ओट्यावर मांडलं आणि त्याच ओट्याच्या दुसऱ्या कडेला कल्हईची भांडी ठेवली. पोतं भरायला शेजारच्या काकू आल्या. त्यांना बिनझाकणाचा, आतून काळा पडलेला एक तांब्या दिसला. झाकण हरवलेलं भांडं ठेवतंय कोण? त्यांनी तो उचलला आणि पोत्यात घातला. दुकानात पोतं तराजूवर रिकामं होत होतं, तेव्हा आईचे डोळे समोरच्या फळीवरच्या डब्यांवर होते.

संध्याकाळी ओटा आवरताना तिच्या लक्षात आलं. ती नेसत्या लुगड्यानिशी धावत दुकानात गेली, मीही मागं धावले. दुकानाच्या मागच्या बाजूला गडी मोडीची भांडी हातोड्यानं चेपून टाकत होता. त्या ढिगात तांब्या कुठला आणि गडवा कुठला, काही ओळखू येत नव्हतं. आईनं तरी वाकून पुष्कळ हात घातला. वडिलांनाही तिनं सांगितलं नाही. दिवाळी ते संक्रांत हा काळ तिनं कसा काढला, ते मी बघितलंय. नव्या डब्यांत तिनं धान्यसुद्धा भरलं नव्हतं.

संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेसाठी सगळं घर आमच्याकडं जमायचं. आत्या आदल्या दिवशी आली. स्वयंपाकघरात मी शेंगा सोलत बसले होते. आईनं दार लोटलं, आत्याचे पाय धरले आणि सगळं सांगून टाकलं. आत्या ऐकत होती. तिचा हात आपोआप पिशवीत गेला, झाकण चाचपून बाहेर आला. डोळे भरले होते, ते तिनं पदरानं टिपले. मग एकदम म्हणाली, "ऊठ. आणलंस काय, ते तरी बघू."

आईनं फळीकडं बोट दाखवलं. आत्यानं एक डबा काढला, उलटासुलटा केला, त्यात आपलं तोंड बघितलं. "लई चकाकतंय की गं! आरशाचा खर्च वाचला. मग रिकामा का ठेवलास? डाळ भर त्यात."

"वन्सं, थोरल्या भावजींना काय सांगू? उद्या ते येतील..."

"तू काय बी सांगायचं न्हाय. तांब्या मी न्हेला हुता. गाडीत इसरला."

"असं कसं? चूक माझी..."

"सुमन, नीट ऐक. त्याचा राग माझ्यावर बसला तर उतरंल, भाऊ हाय त्यो. तुझ्यावर बसला तर जलमभर उतरायचा न्हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाली, "आन् तू शेंगा सोल."

दुसऱ्या दिवशी पंगतीत थोरल्या काकांनी विचारलंच, "गौरा, बाबांचा तांब्या कुटं दिसंना?" आत्या भाकरी मोडता मोडता म्हणाली, "गाडीत ऱ्हायला की रे. म्हातारी झाले आता." काकांचा हात थांबला. "बाबांची एवढी एकच वस्तू! ती बी सांभाळता आली न्हाय तुला? मला देते म्हणाली हुतीस ना?" त्यावर माझा भाऊ पटकन म्हणाला, "मला पण!" चुलतभाऊ म्हणाला, "मलासुद्धा!" तेव्हा कळलं, की बाईनं तो तांब्या घरातल्या झाडून सगळ्यांना देऊन टाकला होता. आम्हाला हसू फुटलं. काका मात्र हसले नाहीत. ते भरल्या ताटावरून उठले. आई वाढायला म्हणून वाकली होती, ती तशीच उभी राहिली. आत्यानं तिच्याकडं नुसतं बघितलं आणि वाटी पुढं केली. "आमटी वाढ की. जरा पातळ हाय, पण गरम हाय."

काकांचा राग उतरेल हा आत्याचा हिशेब मात्र चुकला. त्या वर्षी भाऊबीजेला ते दुधनीला गेले नाहीत, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. माझे वडील जाऊन आले, की आई त्यांना खोदून खोदून विचारायची. अक्कानं दोन पाट मांडले होते, एक तसाच राहिला, असं ते सांगायचे. आत्या आमच्याकडं यायची तेव्हा आई दर खेपेला म्हणायची, मी आता सांगून टाकते. आत्या दर खेपेला तिला गप्प करायची. "अजून थोडं थांब. त्यो येतोय बघ." पाणी आता ती औषधाच्या जुन्या बाटलीतून आणायची. झाकणात ओतून आमच्यापुढं धरायची आणि बाटलीला बूच लावताना म्हणायची, "ह्ये काय आपल्या बाबाच्या आट्यावानी बसत न्हाय."

आत्या गेली, तेव्हा काका आले. माती झाल्यावर सगळे ओसरीवर बसले होते. आत्याची सून तिची पिशवी घेऊन आली आणि आतलं झाकण काढून आईपुढं धरत म्हणाली, "सोलापूरच्या वैनीला द्या म्हणाल्या हुत्या."

काकांनी झाकण ओळखलं. "तांब्या गाडीत ऱ्हायला, मग झाकण हितं कसं?"

आई उठून उभी राहिली. मोठ्या दिरासमोर तिचा आवाज कधी निघाला नव्हता, पण त्या दिवशी तिनं सगळ्यांच्या देखत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. पोतं, दुकान, हातोडा आणि स्वयंपाकघरातलं ते बोलणंही. काकांनी झाकण हातात घेतलं आणि आतल्या आट्यांवरून बोट फिरवत राहिले. "माझा राग उतरंल म्हणाली?" त्यांनी विचारलं. आईनं मान डोलावली. काकांनी झाकण तिच्या हातात परत दिलं, मागच्या परसात गेले आणि लहान पोरासारखे मोठ्यानं रडले.

आई पुढं आयुष्यभर त्या झाकणातूनच चहा प्यायली. तिच्या मागं मी ते हट्टानं मागून घेतलं. दागिने बहिणीला गेले, मला त्याचं काही वाटलं नाही. तांब्या मात्र अजून हवासा वाटतो. जुन्या पितळी वस्तू आता दिवाणखान्यात शोभेला ठेवतात. अशा एखाद्या दुकानात फिरकीचा तांब्या दिसला, की मी पर्समधलं झाकण काढून लावून बघते. बुडावरचं नावही बघते. आजवर आटे कुठंच जुळलेले नाहीत.

परवा एका दुकानदारानं झाकण हातात घेऊन निरखलं. "पितळ जुनं आहे, बाई. पण तांब्याशिवाय नुसतं झाकण ठेवून काय करणार? मला द्या."

"तुलाच देते की," मी म्हटलं, आणि झाकण पर्समध्ये टाकून घरी आले.