मुक्या घराची वाळवी

घर मुकं पडलं की वाळवी लागते, असं शिरूर कासारकडच्या त्या वस्तीवर मानतात. म्हणून दुष्काळाच्या साली सगळी वस्ती सहकारी कारखान्यावर ऊसतोडीला निघाली, की चाव्या भिवराबाईकडे यायच्या. मागे एकट्या उरणाऱ्या या विधवेनं रोज एकेक दार उघडायचं आणि आत त्या घरच्या माणसासारखं मोठ्यानं बोलायचं.

भिवराबाई या कामात मुरलेली. साखराबाईच्या घरात ती सुनेला टोचून बोलणारी सासू व्हायची, अंजनाच्या घरात लाडावणारी आत्या. मुंजाजीचे बैल चारा छावणीत गेले, तरी त्याच्या रिकाम्या गोठ्यात ती पुरुषासारखी खाकरून बैलांना शिव्या घालायची. यंदा मात्र मुंजाजीचा खोकला गोठ्याबाहेर आल्यावरही सुटेना. तेव्हा ती पहिल्यांदा घाबरली.

त्यात वाळवी लागली ती नेमकी तिच्याच चौकटीला. गावातल्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी उत्तरेश्वर बघायला आला. त्यानं मातीचं कवच खरवडलं.

"हे बगा काकू, ही बारकी कामकरी. मोठ्या डोक्याचे हे शिपाई. पंखवालेबी ह्यातलेच. समदी एकाच राणीची लेकरं, गरज पडंल तसं रूप. शास्त्रात ह्याला बहुरूपता म्हणत्यात. आमच्या कम्प्युटरातबी तेच हाय. हुकूम एकच, 'दूध तपास'. गाईच्या दुधाला एक रीत लागती, म्हशीच्या दुधाला दुसरी."

"आन् राणीला सवताचं रूप आसतं का?"

"आसतं की. पर ती लई आत आसती, दिसत न्हाई. काकू, तुमी सवताच्या घरात का बोलत न्हाई?"

तेरा घरं बोलती ठेवायच्या नादात भिवराबाई दिवाळीपासून स्वतःच्या घरात एक शब्द बोलली नव्हती. दिव्याखाली अंधार, दुसरं काय!

"गुडीपाडव्याला लोकं येत्याल," ती म्हणाली. "तवर मी मीच ऱ्हायले म्हंजे झालं."

तो गेल्यावर तिनं उंबऱ्यात उभं राहून घसा साफ केला. आला तो मुंजाजीचा खोकला. पुन्हा तोंड उघडलं, तर साखराबाईचा टोमणा. मग आत्याचा लाडिक सूर. भिवराबाईचा आवाज कसा होता, हे सांगायला वस्तीवर माणूस नव्हतं.

तिनं बाहेर येऊन दार ओढून घेतलं, आणि कडी वाजवली.

"भिवराबाई, अवो भिवराबाई! चावी न्यायला आलेय."

आतून कुणी ओ देईना. थोडा वेळ वाट बघून ती पायरीवर टेकली.

"बाई घरी न्हाईत वाटतं," ती स्वतःशीच म्हणाली. "येत्याल पाडव्याला."