बस खाली

हेडसरांनी माझ्या हातात बिल्ला ठेवला आणि माइकमध्ये म्हणाले, "ही आपली स्वच्छतामंत्री. हिच्या घरात हे काम सगळ्यांना येतं की."

अख्खं मैदान हसलं. पुढच्या रांगेतली बारकी पोरंही हसली, त्यांना काय कळलं कोण जाणे. माझी आई भवानी पेठेत रस्ते झाडते. हेडसरांना ते माहीत होतं, म्हणून तर म्हणाले.

आणि मी स्वच्छतामंत्री व्हायला उभीच नव्हते. मुख्यमंत्री व्हायला उभी होते. निवडून आले होते.

आमच्या शाळेत दरवर्षी विद्यार्थ्यांचं मंत्रिमंडळ निवडतात. नववीत मी उभी राहिले ती एका कडीसाठी. मुलींच्या संडासाला आतून कडी नव्हती. एकीनं आत जायचं, दुसरीनं बाहेरून दार ओढून धरायचं. धरायला कुणी नसलं की पोट आवळून बसायचं. कितीतरी जणी सकाळपासून पाणीच पीत नसत. पाळी आली की शाळा बुडायची. वर्गाच्या बाईंना सांगितलं तर बाई म्हणायच्या, हेडसरांना सांगा. त्यांना कोण सांगणार? मंत्रिमंडळाच्या बैठकीत हे मांडायचं, एवढाच माझा जाहीरनामा होता.

माझ्यासमोर संस्थेच्या सचिवांचा पुतण्या. मतदानाच्या आदल्या दिवशी हेडसरांनी मला बोलावून गोड बोलून समजावलं. उभी राहिलीस, हौस झाली, आता बस खाली. घरी सांगितलं तर आई हसलीच. म्हणाली, "गावच्या इलेक्शनात मानसं बसवत्यात, ते ठावं हाय. शाळेत बी बसवत्यात व्हय?"

मी बसले नाही.

मतदान हेडसरांच्या मोबाइलवर, एका ॲपमध्ये झालं. बटण दाबलं की खऱ्या यंत्रासारखा लांब आवाज यायचा, पोरं खूश. निकाल आला तेव्हा मी तिथंच उभी होते. माझं नाव सगळ्यात वर. बाईंनीही पाहिलं. हेडसरांनी मोबाइल खिशात टाकला. ॲप बिघडलंय म्हणाले, मंत्री आता शिक्षकच ठरवतील. बाईंनी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी मैदानावर मला तो बिल्ला मिळाला.

पुढे शाळेत पाहुणे यायचे होते. हेडसर वर्गात आले, माझ्या हातात खराटा आणि फिनेलची बाटली दिली. मुलींचा संडास धुऊन घे, खातं तुझं आहे. नवे मुख्यमंत्री, म्हणजे तोच सचिवांचा पुतण्या, बाकावर बसून स्वागताचं भाषण पाठ करत होते. पोरं हसायच्या तयारीतच होती.

मला खराट्याची लाज नाही. त्यावरच मी वाढलेय. पण आईच्या हातात आहे म्हणून तो माझ्याही हातात आलाच पाहिजे, हे कुणी ठरवलं? डोकंच फिरलं माझं. खराटा भिंतीला टेकवला. बाटली टेबलावर ठेवली, शेजारी बिल्ला.

"सर, संडास सगळे मिळून धुऊ. मुख्यमंत्र्यांपासून सुरुवात करा. पण आधी आमची मतं मोजा. आणि दाराला कडी लावा."

"बस खाली."

मी बसले नाही. माझ्यासाठी दार धरणारी मैत्रीण तेवढी उठून उभी राहिली. मला मत दिलेले बाकीचे सगळे पुस्तकात बघत होते. त्यांचा राग मला हेडसरांपेक्षा जास्त आला, अजून आहे.

आईला बोलावणं गेलं. पोरीला माफी मागायला सांगा म्हणाले. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "कडी कवा लावताय?" बघू, म्हणाले.

अजून बघतच आहेत. मंत्रिमंडळाची वर्षभरात एकही बैठक झाली नाही. मंत्री म्हणजे पाहुण्यांना गुलाब देणारी पोरं. मंत्र्यांच्या फलकावरचं माझं नाव पुसलं.

आता मी दहावीत आहे. दहावीच्या मुलांनी निवडणुकीला उभं राहायचं नाही, असा यंदा नवा नियम निघालाय. कुणाला विचारून? मी अर्ज दिलाय. मतं चिठ्ठीवर घ्या आणि फळ्यावर सगळ्यांसमोर मोजा, हेही त्यात लिहिलंय. फाडतील. फाडला की दुसरा देईन.

मला बसवायचं असेल तर आधी कडी बसवा. मग तरी मी बसेन, असं समजू नका.